विंचवाचे विष, रक्तदाबाची गोळी आणि संशोधनाचा शेवटचा टप्पा

वैद्यकीय बातम्यांमध्ये हल्ली ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ हा शब्द वारंवार आढळतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००९ साली खास याच कामासाठी एक संस्था स्थापन केली. ती फरिदाबाद येथे आहे. ट्रान्सलेशन म्हणजे भाषांतर. मग संशोधनाचे भाषांतर म्हणजे नेमके काय?

प्रयोगशाळेत समजलेली गोष्ट रुग्णाच्या उपचारात उतरवणे, त्या उपचाराने खरोखर गुण येतो का हे पडताळून पाहणे आणि तो उपचार गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचवणे, या सर्व कामाला मिळून हे नाव आहे. ही वाट एकेरी नाही. कित्येकदा प्रश्न खेड्यातल्या रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधायला पुस्तके व प्रयोगशाळा धुंडाळाव्या लागतात. याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकणातच घडले आहे.

प्रश्न कोकणातला

कोकणातील तांबडी माती, कातळ, चिऱ्यांचे गडगे, पेंढा आणि लाकडांच्या राशी म्हणजे विंचवाची आवडती घरे. आपल्याकडे मोठ्या काळ्या विंचवाला लोक अधिक भितात. तो चावला तर वेदना होतात हे खरे, पण जिवाला खरा धोका असतो तो आकाराने लहान अशा लाल विंचवाचा.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. विंचू चावलेली धडधाकट मुले काही तासांत दगावत. त्यावर खात्रीचा उपचार नव्हता. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या. ज्यांची प्रकृती पुढे बिघडते त्यांना आधी दरदरून घाम येतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय गार पडतात, असे त्यांना आढळले. ही धोक्याची लक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

उत्तर दुसऱ्याच आजाराच्या औषधात

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवरील सोडियमची सूक्ष्म द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे अॅड्रिनलिन आणि त्या जातीची द्रव्ये रक्तात भरमसाट सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडून ते थकते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साठते. रुग्ण गुदमरतो तो यामुळे.

‘प्राझोसिन’ नावाची गोळी उच्च रक्तदाबासाठी त्या वेळी बाजारात होती. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांवर ज्या जागी पकड घेतात, नेमक्या त्याच जागा ही गोळी अडवते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. रक्तदाबाच्या औषधाचे हे ज्ञान विंचूदंशाच्या रुग्णासाठी वापरणे, हेच ते ‘भाषांतर’. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदीनुसार, पूर्वी पश्चिम भारतात विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी होऊन शंभरातले २५ ते ३० रुग्ण दगावत. प्राझोसिन आल्यानंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आले.

काम येथे थांबले नाही. मुंबईच्या हाफकिनने विंचवाचे प्रतिविष तयार केले. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचून, त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून ते बनवतात. प्राझोसिन असताना प्रतिविषाने काही अधिक लाभ होतो का, हे पाहण्यासाठी महाडमध्ये ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली आणि २०११ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली गेली. दोन्ही औषधे दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

साखळी कुठे अडकते?

शोध लागला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचतोच असे नाही. दर्यावर्दी माणसांना स्कर्व्ही नावाचा रोग होत असे. हिरड्यांतून रक्त येई, माणसे मरत. जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने १७४७ साली बारा आजारी खलाशांवर प्रयोग करून, संत्री व लिंबांनी हा रोग बरा होतो, हे दाखवले. पण ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने द्यायला सुरुवात केली १७९५ साली. मधली ४८ वर्षे औषध ठाऊक असूनही खलाशी मरत राहिले.

विंचूदंशाच्या बाबतीत हा शेवटचा टप्पा आपल्या हातात आहे. तळेरे तिठ्यावर पोहोचलेल्या रुग्णाला महामार्गाने कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेणे तुलनेने सोपे आहे. वेळ जातो तो त्याआधी. विष उतरवणाऱ्याला बोलावणे, झाडपाला लावून बघणे, ‘सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून थांबणे यात मोलाचे तास निघून जातात आणि तेवढ्यात विष हृदयापर्यंत आपले काम करते. ‘मांत्रिकाने उतरवले’ असे जे रुग्ण सांगतात, त्यांना बहुधा कमी विषारी विंचू चावलेला असतो किंवा विष थोडेच गेलेले असते. ते एरवीही बरे झालेच असते.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे:

१) दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी. कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये.

२) लहान मुलाला विंचू चावल्यास लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे. गाडी नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

३) मोठ्या माणसालाही घाम, उलटी, हातपाय गार पडणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. ठणका कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

४) प्राझोसिनची गोळी घरी ठेवून आपल्या मनाने देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. मात्रा वजनानुसार डॉक्टरच ठरवतात.

५) लाकडे, चिरे, पेंढा उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. पादत्राणे झटकून घालावीत आणि रात्री विजेरी वापरावी.

गावच्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा: आपल्या आरोग्य केंद्रात विंचूदंशावरची ही गोळी आणि प्रतिविष आज शिल्लक आहे का? महाडमध्ये सुरू झालेले संशोधन आपल्या वाडीपर्यंत आले की नाही, हे त्या उत्तरावरून कळेल.