गाठ दिसते, तरी सुटते

प्रश्न : कर्करोगाच्या प्रतिमा डॉक्टर कसे पाहतात, यावरही अमेरिकेत संशोधन-निधी मिळतो म्हणे. तो पैसा नव्या यंत्रांवर का खर्चू नये?

उत्तर : यंत्र गाठ दाखवते, ओळखायची माणसालाच. २०१३ साली बोस्टनच्या संशोधकांनी फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र दडवले, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टांना ते दिसलेच नाही! त्यांपैकी १२ जणांची नजर तर थेट त्यावर पडली होती. हा निष्काळजीपणा नव्हे. मन गाठी शोधण्यात गुंतलेले होते. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या विषयासाठी स्वतंत्र अनुदान ठेवले, हे मला अगदी रास्त वाटते. नजर कुठे, का चुकते हे कळल्याशिवाय एआयची मदत नेमकी कुठे घ्यायची, हे ठरवणार कसे?