बिबट्या आपल्याकडे का येतो?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सफारीच्या जाळीच्या बसमधून मी सिंह अगदी जवळून पाहिला. पण तो कुंपणातला. तिथला खरा रानटी रहिवासी म्हणजे बिबट्या, आणि तो काही दिसला नाही!

मग मी त्याच्याबद्दल वाचायला घेतलं. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड. २००४ साली इथे बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे जीव गेले. आपल्याला वाटतं, पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. पण विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात अभ्यास केला तेव्हा उलटंच दिसलं: जिथे सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. शिवाय रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येतोच.

म्हणजे इनपुट तसंच ठेवून आउटपुट पुसत बसायचं! इनपुट साधं आहे. उघडा कचरा, त्यावर पोसलेली भटकी कुत्री आणि त्यांच्या मागे बिबट्या.

तेव्हा मित्रांनो, मेसमागे उष्टं टाकताना डब्याचं झाकण लावा. सिंह जवळून बघायला मजा येते, पण बिबट्या लांब राहिलेलाच बरा. त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही.