पिचरची पारख आणि आकड्यांच्या मर्यादा

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. प्रत्येक सामन्याचा विजय एका पिचरच्या नावावर मांडला जातो, तसाच पराजयही. या दोन आकड्यांवरून पिचरची योग्यता ठरविण्याची रीत अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होती.

१९८७ साली ह्यूस्टन ॲस्ट्रॉस संघाच्या नोलन रायन याच्या नावावर ८ विजय व १६ पराजय लागले. यावरून तो सामान्य पिचर होता असे कोणी म्हणेल. परंतु त्याच वर्षी त्याने २७० फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले. ही संख्या नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होती. मग पराजय का झाले? पिचर प्रतिपक्षाच्या धावा रोखू शकतो. स्वपक्षाच्या धावा काढणे हे मुख्यतः सहकाऱ्यांचे काम असते.

म्हणून दर नऊ डावांमागे पिचरने किती धावा दिल्या, ही सरासरी अधिक न्याय्य ठरते. तीत क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळतात. रायनची ही सरासरी २.७६, म्हणजे त्या लीगमध्ये सर्वांत कमी होती. तथापि हे मापही निर्दोष नाही. हातातला चेंडू सोडणारा क्षेत्ररक्षक चूक करतो असे गणनाधिकारी लिहितो. परंतु जो मंदगतीमुळे चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याची चूक बहुधा नोंदली जात नाही आणि धाव पिचरच्या माथी बसते.

२००१ साली वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने दाखविले, की मैदानात टोलविलेला चेंडू झेलला जाईल की निसटेल, यावर पिचरचा ताबा समजुतीपेक्षा पुष्कळच कमी असतो. पुढील अभ्यासांत हा ताबा अगदीच शून्य नसल्याचे आढळले. पिचरचे स्वतःचे कर्तृत्व स्ट्राइक, चार वाईट चेंडूंवर दिलेला बेस व होमरन यांत अधिक स्पष्ट दिसते. पण येथेही परिस्थिती आड येते. डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडू अधिक दूर जातो, आणि अन्यत्र झेल ठरणारा टोला तेथे होमरन ठरू शकतो.

२०१० साली फेलिक्स हर्नांडेझ याला केवळ १३ विजय व १२ पराजय असूनही अमेरिकन लीगमधील उत्कृष्ट पिचरचे साय यंग पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी आकडे टाकून दिले नव्हते. कोणता आकडा कोणाच्या श्रमाचा, याचा त्यांनी विचार केला होता. एखाद्या माणसाची योग्यता संख्येवरून ठरविण्यापूर्वी वाचकांनीही हाच प्रश्न विचारावा.