पानं गाळणारी अझेलिया

प्रश्न : नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात जूनमध्ये भगव्या फुलांची झुडपं दिसली. ती अझेलिया आहेत, असं कळलं. पण आमच्या अंगणातली अझेलिया तर हिवाळ्यातही हिरवी असते. मग ही कुठली? पुण्याला भावाच्या बागेत लावता येईल का?

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती बहुधा 'फ्लेम अझेलिया', म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन कॅलेंड्युलेशियम. तुमच्या अंगणातली मूळ जपानी वंशाची असणार. ही मात्र अ‍ॅपलाचियन डोंगरांची अस्सल रहिवासी. थंडीत पार निष्पर्ण होते. एखादं फूल जवळून पाहा : लांब नळी आणि तिच्याबाहेर दूरवर झुकलेले पाच पुंकेसर. जमलं तर जूनच्या उत्तरार्धात ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या ग्रेगरी बाल्डवर चढाच. सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या त्या गवताळ माथ्यावर अनेक जातींचा संकर झालाय. पांढऱ्यापासून गडद लालपर्यंत सगळ्या छटा आहेत, त्यामुळे जात ओळखायच्या भानगडीत पडू नका.

पानगळीच्या अनेक जाती अमेरिकेच्या पूर्व भागातल्याच. जॉर्जिया-अलाबामा सीमेवरची 'प्लमलीफ' तर थेट जुलै-ऑगस्टमध्ये फुलते. कॅलिफोर्निया-ओरेगॉनमध्ये सुगंधी ऑक्सिडेंटेल आहे. काळ्या समुद्राकाठी पिवळी ल्युटियम. तिच्या मधाने माणसाला भोवळ येते.

पुण्याचा विचार सोडा. फ्लेम अझेलियाला हिवाळ्याची कडक थंडी आणि आम्लधर्मी माती लागते; तिथल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ती तग धरणार नाही. आणि रानातलं रोप उपटू नका. नर्सरीतून आणून स्वतःच्याच अंगणात लावा.