पण तो नियमानं शिकार करतो ना?

रात्रीची जेवणं झाली की ओटा आवरायचा, सकाळच्या डब्याची गवार मोडून ठेवायची, ऑफिसचं राहिलेलं एखादं काम उरकायचं. तेवढ्या वेळात मुलं बाहेरच्या खोलीत काय बघतात, ते आपल्याला नेमकं ठाऊक नसतं. किंकाळ्या ऐकू आल्या की आपण आतूनच ओरडतो, "आवाज कमी कर रे!" आणि पुन्हा गवारीकडे वळतो. तुमच्याकडेही असंच चालत असणार. दिवसभर दमलेली माणसं आणखी काय करणार?

आज मला तुमच्याशी एका विशिष्ट जातीच्या गोष्टींबद्दल बोलायचंय. विचार करणाऱ्या, बोलणाऱ्या, भिणाऱ्या जीवांची शिकार करणाऱ्यांच्या गोष्टी. कधी परग्रहावरचा शिकारी माणसांच्या मागे लागतो, कधी माणूसच दुसऱ्या ग्रहावर जाऊन तेच करतो. पोटासाठी किंवा स्वतःचा जीव वाचवायला नाही, निव्वळ शौक म्हणून. बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांना या गोष्टी फार खेचून घेतात, आणि आपल्या पोटात गोळा येतो. "हे काय रक्तबंबाळ बघत बसलास?" म्हणत आपण टीव्ही बंद करतो. लहान मुलांच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण जरा मोठ्या मुलांच्या बाबतीत मला वाटतं, बंद करण्याआधी थोडं थांबावं. त्या गोष्टींत मूल एका अवघड प्रश्नाशी झटत असतं, आणि बहुतेक वेळा एकटंच.

माझा मुलगा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाबरोबर त्यानं 'प्रिडेटर' पाहिला, 1987 सालचा, अर्नॉल्ड श्वार्झनेगरचा. मध्य अमेरिकेतल्या जंगलात सैनिकांची तुकडी उतरते आणि त्यातला एकेक जण मरू लागतो. मागावर असतो परग्रहावरून आलेला शिकारी. तो जवळजवळ अदृश्य होऊ शकतो, त्याला अंगातली उष्णता दिसते, आणि मारलेल्या माणसाची कवटी तो साफसूफ करून जवळ ठेवतो, संस्थानिकांच्या दिवाणखान्यात वाघाचं मुंडकं टांगलेलं असायचं तशी.

घरी आल्यावर हा गप्प गप्प होता. मग एका रात्री उशीच्या कोपऱ्यातला सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला, "आई, पण तो नियमानं शिकार करतो ना? ज्याच्याकडे हत्यार नाही, त्याला तो मारतच नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. चित्रपटातली एक बाई निःशस्त्र असते म्हणूनच वाचते. 1990 साली आलेल्या दुसऱ्या भागात तर शिकारी एका पोलीस बाईला सोडून देतो, कारण तिच्या पोटात बाळ असल्याचं त्याला दिसतं.

मला त्या कवट्यांपेक्षा या नियमाचीच जास्त काळजी वाटते. कवटी बघून कुठलंही मूल शहारतं, तिथे आपली गरज नसते. नियम मात्र मुलांना भुरळ घालतो. या वयात त्यांना न्यायाचं भारी वेड असतं. कॅरम असो, गल्लीतलं क्रिकेट असो, नाहीतर गुलाबजामांची वाटणी असो, चीटिंग चालत नाही. जो नियम पाळतो तो चांगला, हे गणित आपणच त्यांना शिकवलेलं असतं. मग पडद्यावरचा शिकारी नियम पाळताना दिसला की मूल गोंधळतं. त्याला आतून काहीतरी खटकत असतं, पण गणित तर बरोबर येतंय.

मी एवढंच विचारलं, "ते नियम ठरवले कुणी?" म्हणाला, "त्यानंच." "आणि ज्यांची शिकार होतेय, त्यांना हा खेळ खेळायचा होता का?" यावर तो नुसता दोरा गुंडाळत राहिला. मीही पुढं ओढलं नाही. आपल्याला तात्पर्य काढून मुलांच्या हातात द्यायची फार घाई असते, आणि नेमकी तिथंच मुलं मिटतात.

या सगळ्या गोष्टींची आजी शंभर वर्षांपूर्वीची आहे. रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची 'द मोस्ट डेंजरस गेम' ही कथा 1924 साली कॉलिअर्स साप्ताहिकात छापून आली. त्यात ना यान, ना परग्रह. कॅरिबियन समुद्रातलं एक बेट आणि तिथं राहणारा जनरल झारॉफ. जगभरची जनावरं मारून तो कंटाळलाय. जनावर डोकं चालवत नाही, म्हणून त्याच्या शिकारीत आता त्याला गंमत वाटत नाही. मग तो जहाजं खडकांवर आपटून फुटतील अशी व्यवस्था करतो आणि किनाऱ्याला लागलेल्या खलाशांना सावज बनवतो. तेही अगदी रीतसर! त्यांना खाऊपिऊ घालतो, सुरा देतो, तीन तास आधी पळू देतो. तीन दिवस टिकलात तर सुटलात. आणि ज्याला खेळायचं नसेल, त्याला तो आपल्या आडदांड नोकराच्या हवाली करतो. अर्थात सगळे शिकारच पत्करतात.

नववी-दहावीच्या मुलाला ही कथा जरूर वाचायला द्या, छोटी आहे. बुद्धी असलेल्या जीवाला मारू नये, असं आपण सहज म्हणतो. झारॉफला बुद्धी असते म्हणूनच मारावंसं वाटतं. समोरच्याची धडपड, त्यानं लढवलेल्या युक्त्या, सुटण्याची आशा, त्याची भीती, हेच त्याचं खाद्य आहे. पुढच्या विज्ञानकथांनी बेटाच्या जागी ग्रह आणला, सुऱ्याच्या जागी लेझर आणला, पण ही भूक तीच राहिली.

कथेचा नायक स्वतः पट्टीचा शिकारी आहे. सुरुवातीला जहाजावर त्याचा मित्र म्हणतो की जग्वारलाही भीती कळत असेल, तर हा ते उडवून लावतो. मग दोनच दिवसांनी त्या बेटावर स्वतःच सावज होऊन झाडाच्या फांदीवर श्वास रोखून पडून राहतो. मुलांना त्यातले सापळे आणि खड्डे लक्षात राहतात, जहाजावरचं हे बोलणं निसटतं. तुम्ही तेवढं एकदा त्यांच्याबरोबर परत वाचा.

आणि भीती म्हटली की ती काही बेटावरच नसते. स्कूलबसच्या मागच्या सीटवर एखाद्या पोराची बॅग इकडून तिकडे फेकली जाते. तो रडकुंडीला येईपर्यंत चालतं, कारण गंमत त्याच्या रडकुंडीला येण्यातच असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मजा करत होतो, काकू. तो पण हसत होता." तो हसत होता कारण न हसण्याची सोय नव्हती. आपली मुलं कधी या बाजूला असतात, कधी त्या बाजूला, कधी नुसती बघत उभी असतात. ती आपल्याला हे सहसा सांगत नाहीत. पण गोष्टीतल्या सावजाबद्दल बोलता बोलता कधीकधी सांगून जातात. माझ्या घरी तसं झालं. काय सांगितलं ते त्याचं आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

आपल्याकडे हे सगळं अगदीच परकं आहे असंही नाही. श्रावणबाळाची गोष्ट मुलांनी आजीकडून ऐकलेली असते. दशरथानं आवाजावर बाण सोडला आणि समोर निघाला माणूस. महाभारतातल्या पंडू राजानं हरणाची जोडी पाहून बाण मारला, तर ते हरणाच्या रूपातले किंदम ऋषी. मला त्यातली एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. किंदम ऋषी राजानं शिकार केली म्हणून चिडत नाहीत. राजे शिकार करतात, हे ते मान्य करतात. त्यांचा राग आहे तो आपण जोडीदाराबरोबर असताना बाण मारण्याच्या निष्ठुरपणावर. दशरथ आणि पंडू, दोघांनाही समोर कोण आहे ते माहीत नव्हतं, तरी दोघांनी जन्मभर ते भोगलं. झारॉफला आणि त्या परग्रहवाल्याला पक्कं माहीत असतं. तुमच्या मुलांना हा फरक सांगून बघा. आमच्याकडे त्यावर जेवण गार होईपर्यंत वाद झाला.

पण समोरचा जीव 'आपल्यासारखा' आहे की नाही, हे ठरवायचं कसं? एच. बीम पायपर यांची 1962 सालची 'लिटल फझी' ही कादंबरी सगळी याच प्रश्नावर उभी आहे. झरथुष्ट्र नावाच्या ग्रहावर सोनेरी केसाळ, मांजराहून थोडे मोठे जीव सापडतात. त्यांना बुद्धी आहे असं ठरलं तर ग्रहावरची कंपनीची मालकी जाणार, म्हणून कंपनीला ते जनावरच हवेत. कंपनीचा एक माणूस त्यातल्या एकीला लाथांनी तुडवून मारतो. हा खून की जनावराला मारणं, यावर खटला उभा राहतो. शेवटी कळतं की ते जीव आपसात बोलत होते. त्यांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्या वरचा होता, एवढंच. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीतली, फारसं न बोलणारी एक मुलगी आठवली. तिच्यासमोरच तिच्याबद्दल सगळे बोलतात, जणू तिला काही कळत नाही.

हा प्रश्न नुसत्या कादंबरीतला नाही. आपल्याच देशात 2013 साली पर्यावरण मंत्रालयानं डॉल्फिनच्या खेळांसाठी त्यांना कोंडून ठेवायला परवानगी देऊ नका, असं राज्यांना कळवलं. त्यांची बुद्धी आणि संवेदना पाहता त्यांना माणूस नसलेली व्यक्ती मानावं, असं मत काही शास्त्रज्ञ मांडतात, याचाही त्यात उल्लेख होता.

इथवर आलात की मूल पुढचा प्रश्न विचारणारच, "मग आपण रविवारी मटण खातो ते?" विचारू द्या. "जेव गुपचूप" म्हणू नका. सगळी उत्तरं आपल्याकडे नसली तरी चालतं. 2022 साली आलेल्या 'प्रे' या चित्रपटाचा मला इथं उपयोग झाला. तो मोठ्यांसाठीचा आहे, रक्तपात भरपूर आहे, म्हणून आधी स्वतः बघून ठरवा. काळ 1719 चा. कोमांचे जमातीतली नारू ही मुलगी शिकारी व्हायचं म्हणून धडपडतेय. तिचे लोक जगण्यासाठी शिकार करतात. मग एका माळावर तिला फ्रेंच व्यापाऱ्यांनी कातडी सोलून टाकून दिलेल्या रानरेड्यांचा खच दिसतो. आणि तिसरा असतो तो परग्रहवासी, ज्याला फक्त आपली ताकद आजमावायचीय. पोटासाठी, पैशासाठी आणि शौकासाठी, अशा तीन शिकारी एकाच रानात. मुलं फरक स्वतःच करू लागतात, आणि आपल्या ताटाबद्दलही मनापासून बोलतात.

एक गोष्ट मात्र मला मुलापेक्षा जास्त अस्वस्थ करून गेली. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' मालिकेत 1993 साली दाखवलेला एक भाग आहे. टॉस्क नावाचा परग्रहवासी पळत पळत अंतराळस्थानकावर येतो. त्याला जन्मालाच घातलंय शिकार होण्यासाठी. तो बुद्धिमान आहे, मैत्री करतो, आणि पाठलागाचा त्याला अभिमान आहे. जिवंत पकडलं जाणं ही त्याच्या लेखी सगळ्यात मोठी नामुष्की. त्याला आश्रय देऊ करतात, तर तो नको म्हणतो. शेवटी त्याचा मित्र ओब्रायन त्याला निसटायला मदत करतो, म्हणजे शिकार पुन्हा सुरू व्हायला मदत करतो. मित्रासाठी त्याला एवढंच करता येतं.

मघाशी मी म्हटलं, सावजाला विचारलं होतं का? इथं तर सावजच हो म्हणतंय. मग त्या होकाराची किंमत किती? ज्याला लहानपणापासून दुसरं काही दाखवलंच नाही, त्याचा होकार कसा धरायचा?

आपण कुणी शिकारी नाही, हे मला ठाऊक आहे. आपण मुलांच्या भल्यासाठीच झटतो. पण "त्याचं त्यालाच हवंय हो, आम्ही काही जबरदस्ती करत नाही," हे वाक्य क्लासच्या दाराशी उभं राहून आपण सगळ्यांनीच म्हटलेलं आहे. मूलही तेच म्हणतं. शर्यत त्याला खरंच आवडते, की ती आवडायलाच हवी अशा घरात ते वाढलंय, हे ओळखणं फार कठीण आहे. मला अजून ते नीट जमत नाही. मी फक्त मधूनमधून विचारते, "हे सोडून दिलंस तर चालेल, बरं का. सोडावंसं वाटतं का?" आणि उत्तर 'नाही' आलं तरी काही महिन्यांनी पुन्हा विचारते.

2025 मध्ये 'प्रिडेटर : बॅडलँड्स' आला. त्यात नायकच शिकाऱ्यांच्या कुळातला आहे, देक नावाचा तरुण. बापाच्या नजरेत तो दुबळा, म्हणून जगायला नालायक. बापाला आपली लायकी दाखवायची म्हणून तो एका भयंकर प्राण्याच्या शिकारीला निघतो. तुमच्याकडे या वयाचं मूल असेल तर मोबाइल आत ठेवून एकदा त्याच्याबरोबर बसून बघा. आणि संपल्यावर शिकारीबद्दल विचारण्याआधी त्या बापाबद्दल विचारा. माझ्या मुलाला तिथंच सगळ्यात जास्त बोलायचं होतं.