इंजिनाचे फाउंडेशन : रबरी की पीयू?

आमचा धंदा कापडाचा, गॅरेजचा नाही. तरीही या वेळी मोटारीच्या इंजिनाखालच्या माउंटिंगविषयी लिहीत आहोत, त्याला कारण घडले. येरमाळा हे सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचे गाव. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत गाड्यांची रीघ लागते आणि एरवीही रस्ता रिकामा नसतो. त्यामुळे गॅरेजवाल्यांना काम आहे. आमच्या ओळखीचा एक तरुण मिस्त्री आमच्याकडे उसने पैसे मागायला आला. शहरातला एक एजंट त्याला 'पीयू माउंटिंग'ची पेटी घ्यायला सांगत होता. रक्कम आगाऊ, माल परत नाही. एजंटचे म्हणणे, कंपनीच्या रबरापेक्षा मजबूत, कुठल्याही गाडीला घाला, गिऱ्हाईक दुवा देईल. मुलाने कॉम्प्रेसरसाठी साठवलेली पुंजी त्यात घालायचे ठरवले होते, वरची रक्कम आम्ही द्यावी.

आम्ही त्याला थांबवले, कारण हा माल आम्ही स्वतः वापरून बसलो होतो. सोलापूरहून गठ्ठे आणायच्या आमच्या जुन्या मोटारीला एका दुकानदाराने हौसेने असे माउंटिंग बसवून दिले. चौथ्या दिवशी स्टिअरिंग हातात थरथरू लागले, आरसा हलून मागची गाडी दिसेना, आणि पाच-सहा महिन्यांत सायलेन्सरचा एक क्लँप तुटला. माल खोटा नव्हता. आमच्या गाडीला तो चुकीचा होता. हा फरक दुकानदाराने सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. सोलापुरात यंत्रमागाच्या घरात गेलेल्यांना ठाऊक आहे, माग थेट फरशीला आवळला की शेजारच्या भिंतीवरची भांडी वाजतात. खाली जाड नमदा किंवा रबरी पट्टी घातली की माग तितकाच हलतो, पण घर हलत नाही. मोटारीचे फाउंडेशन हेच काम करते. 1931 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लायमथ मोटारीचे इंजिन रबरावर तोलून बसवले आणि त्याची मोठी जाहिरात केली. चार सिलिंडरची गाडी त्यामुळे मोठ्या गाडीसारखी शांत वाटू लागली.

रबराला दोन उलट कामे एकाच वेळी करावी लागतात. इंजिनाला घट्ट धरायचे, आणि त्याची थरथर गाडीत जाऊ द्यायची नाही. थोडा हिशेब करू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर उभे असेल तर सेकंदाला सुमारे 27 झटके देते. आता इंजिनाला धक्का देऊन सोडले, तर ते आपल्या रबरावर सेकंदाला काही वेळा डोलते. समजा 12 वेळा. झटक्यांची गती या डोलण्याच्या किमान 1.4 पट असेल तरच रबर थरथर अडवते. येथे ती दुपटीहून जास्त आहे, म्हणून गाडी शांत. रबर काढून चौपट कडक माल घातला तर डोलणे दुप्पट होते, म्हणजे 24. तो आकडा 27 च्या अगदी जवळ आला. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखे होते आणि थरथर कमी होण्याऐवजी वाढते. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत तर झटके 20 च असतात, तिथे मूळचे रबरच काठावर चाललेले असते. मारुती 800 ज्यांनी चालवली त्यांना हे सांगायला नको.

मग हा माल बनवतात कशाला? कारण जोराच्या गाडीचे दुखणे वेगळे आहे. आडव्या इंजिनाच्या मोटारीत पहिल्या गिअरला इंजिनाची पीळशक्ती बारा-तेरा पटीने वाढून चाकाकडे जाते आणि तितकाच उलटा पीळ फाउंडेशनवर येतो. मऊ रबर असेल तर इंजिन मागेपुढे झुलते, गिअर अडखळतो, चाक उड्या मारते. पुण्याजवळ चाकणला 2022 पर्यंत बनलेली फोक्सवॅगन पोलो ही अशा शौकिनांची आवडती गाडी. हिचे इंजिन वरच्या दोन माउंटिंगवर टांगलेले असते आणि खालची एक छोटी दांडी, जिला मिस्त्री डॉगबोन म्हणतात, त्याचे झुलणे रोखते. जाणकार मंडळी वरची दोन्ही रबरे तशीच ठेवतात आणि डॉगबोनच्या रबरातील पोकळीत पीयूचा तुकडा बसवतात. वजन मऊ रबरावर राहते, फक्त झोका आवरतो. थोडी थरथर वाढते, पण ती पत्करणारा गिऱ्हाईक ती जाणूनच आलेला असतो.

पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 साली शोधले. कापडवाल्यांना हे परके नाही. लेगिंग्जमधली लायक्रा याच कुळातली, आणि रेक्झिनवरचा पापुद्राही पुष्कळदा त्याचाच. माळ्यावर ठेवलेल्या बुटाचा तळ काही वर्षांनी हातात चुरा होऊन येतो, तोही बहुधा हाच. आमच्या मते मालाची खरी परीक्षा येथे आहे. पीयूच्या दोन जाती आहेत. पॉलीएस्टर जातीचा तेलाला आणि घासण्याला चिवट, पण उष्ण दमट हवेत पाण्याने आतून तुटतो. पॉलीइथर जातीचा पाणी सोसतो. 'आयुष्यभर' म्हणणाऱ्या एजंटला जात विचारावी. कडकपणाचा आकडाही विचारावा. तो 'शोअर ए' या मापात सांगतात. टायरचा साधारण 60 ते 70 असतो, पीयूचे माउंटिंग 70 पासून 95 पर्यंत मिळते. 95 चा माल रस्त्यावरच्या गाडीला घालू नये. सायलेन्सरच्या नळीलगतची जागाही टाळावी, साधा पीयू 80 अंशांपुढची सततची उष्णता फार काळ सोसत नाही.

लेथवाल्या बंधूंपैकी काहींच्या मनात येईल, साचा आपणच पाडावा. दोन द्रव मिसळून ओतायचे, भट्टीत पिकवायचे, दिसायला सोपे आहे. पण त्यातील आयसोसायनेटची वाफ फुफ्फुसाला घातक आहे, एकदा दमा जडला की ते काम कायमचे सुटते. हवा खेळती नसेल त्या खोलीत हात घालू नये. पावसाळ्यात हवेतील ओल मिसळून मालात बुडबुडे धरतात, ते वेगळेच.

आमच्या मिस्त्र्याच्या वहीत आम्ही मागच्या चार महिन्यांची कामे पाहिली. फाउंडेशनची एकवीस कामे होती. त्यांत शौकीन गिऱ्हाईक एकच, बाकी सगळ्या वडाप, टेम्पो आणि घरच्या गाड्या. कित्येकांत रबर फाटण्याचे कारण वरून गळणारे ऑइल होते. साध्या रबराला ऑइल लागले की ते फुगते आणि सुटते. तिथे गळती न थांबवता नवे रबर घालणे म्हणजे गिऱ्हाईकाला पुन्हा बोलावणे. त्याने पेटी घेतली नाही. कॉम्प्रेसर घेतला, आणि त्या एका गिऱ्हाईकासाठी डॉगबोनचा एक तुकडा मागवला. तो बसवण्यापूर्वी गाडी थरथरेल हे आम्ही त्याला बिलावर लिहायला लावले. गिऱ्हाईकाने वाचले, हसला आणि सही केली.

बसवताना एक खबरदारी. बोल्ट आधी सैल लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, इंजिन दोन-तीनदा हाताने हलवून आपल्या जागी बसू द्यावे, आणि मगच कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावेत. जॅकवर असतानाच आवळले तर रबर असो वा पीयू, ते पहिल्या दिवसापासून पिळलेल्या स्थितीत राहते.