डिजिटल आरोग्यसेवा आणि रुग्णांचा सहभाग

आरोग्यसेवा घेणाऱ्या व्यक्तीला आपण काय विकत घेत आहोत याची पुरेशी माहिती नसते. ती डॉक्टरकडे असते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलेला हा माहितीच्या विषमतेचा मुद्दा आरोग्य अर्थशास्त्रात पायाभूत मानला जातो. डिजिटल तंत्रज्ञानामुळे ही विषमता कमी होईल, अशी अपेक्षा आहे. मात्र ती खरोखर कमी होणार की कागदावरील नोंदी केवळ संगणकात जाणार, हे रुग्णांच्या सहभागावर अवलंबून आहे.

सहभागाची संकल्पना

आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, असे १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात नमूद आहे. भारतात २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने रुग्ण कल्याण समित्या, ग्राम आरोग्य समित्या व लोकाधारित देखरेख यांद्वारे या तत्त्वाला संस्थात्मक रूप दिले. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी सहभागाचा केवळ आभास असतो, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व मत विचारणे असते, तर वरच्या पायऱ्यांवर निर्णयात प्रत्यक्ष वाटा असतो. डिजिटल योजनांचे मूल्यमापन करतानाही ही शिडी उपयुक्त ठरते.

भारतातील रचना

राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर लागू झाले. नागरिकाला मिळणारा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. रुग्णाच्या नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी न साठवता संबंधित रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनंतरच त्या दुसरीकडे पाठविता येतात. संमती विशिष्ट हेतूसाठी व मुदतीसाठी असते. ती मागेही घेता येते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. संमतीच्या तत्त्वाला या दोन्हींचा आधार आहे.

संमती आणि वास्तव

तथापि, कागदोपत्री संमती म्हणजे सहभाग नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार, १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये केवळ २४.६ टक्के. स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. घरातील एकच फोन पतीकडे किंवा मुलाकडे असेल, तर संमतीचा संदेशही त्याच्याच हाती पडतो. क्षयरोग, मानसिक आजार वा गर्भपात यांसारख्या बाबतींत गोपनीयता भंग पावल्यास रुग्ण उपचारच टाळण्याची भीती असते. म्हणजे सोयीसाठी आणलेली व्यवस्था दुर्बळांनाच दूर लोटू शकते.

या संदर्भात ई-संजीवनी सेवेची रचना बोधप्रद आहे. स्वतःचा फोन नसलेला रुग्ण जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तेथील आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने दूरच्या डॉक्टरचा सल्ला घेऊ शकतो. तंत्रज्ञान आणि रुग्ण यांच्यामध्ये विश्वासू माणूस असणे किती आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

संशोधनाची दिशा

या क्षेत्रात पदार्पण करणाऱ्या तरुण संशोधकांनी किती क्रमांक दिले गेले यापुरता अभ्यास मर्यादित ठेवू नये. संमतीचा मजकूर रुग्णाला त्याच्या भाषेत समजला काय? नकार देणाऱ्याला तीच सेवा मिळाली काय? चुकीची नोंद दुरुस्त करून घेता आली काय? आणि हे प्रश्न ठरविताना रुग्णांना विचारले गेले काय? रुग्णाला केवळ माहितीचा स्रोत मानणारे संशोधनही शिडीच्या खालच्याच पायरीवर राहते.

सारांश, डिजिटल आरोग्यसेवेचे यश नोंदींच्या संख्येवरून नव्हे, तर सर्वांत कमी साधने असलेल्या रुग्णाला आपल्या उपचारांविषयी किती निर्णय घेता येतो, यावरून मोजले पाहिजे.